शंभर वर्षांतला एक पाऊस

बेलवलीतलं आमचं घर पाडून नवीन बांधायचं, तर ते नदीच्या लाल पूररेषेबाहेर हवं. आणि ती रेषा काढायचं काम कोणाकडे यावं? माझ्याकडे! देवा, एवढ्या जगात दुसरं कोणी सापडलं नाही का तुला? घर आमचं आहे, हे ऑफिसात पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. झाली चूक.

ती रेषा ठरते शंभर वर्षांत एखाद्याच वेळी पडेल अशा पावसावर. तो किती, हे काढायला जुन्या नोंदींवर एक गणिती वक्र बसवावा लागतो. गुंबेल नावाचा वक्र घेतला की पाऊस जरा समजूतदार निघतो, आणि रेषा आमच्या अंगणाअलीकडे थांबते. दुसरा एक आहे, तो अचाट पावसालाही जागा ठेवतो. तो घेतला की रेषा थेट मागच्या मोरीपलीकडे, म्हणजे अख्खं घर आत. सगळं अडलं होतं एकाच आकड्यावर, वीस वर्षांपूर्वीच्या महापुराच्या दिवसाच्या पावसाच्या. तो खरा असेल तर गुंबेल चालत नाही. आणि तो लिहिलाय माझ्याच बाबांनी. तेव्हा ते पाऊस मोजायच्या नोकरीत होते.

चार दिवस टाळलं. शेवटी विचारलंच.

“बाबा, तो आकडा नीट मोजलेला, का दिलात ठोकून?”

भडकतील असं वाटलं होतं. पण ते हळूच म्हणाले, “चुकीचाय तो. वीस वर्षं कोणाला बोललो नाय.”

सुटले! मला नाचावंसं वाटलं. चुकीची नोंद गाळता येते.

“मग टाकते काढून.”

“टाक. अगं, पाऊस मोजायची बाटली भरलेली, तिच्या बाहेरचा डबा भरलेला, वरून पाणी वाहत होतं. आत जेवढं मावलं तेवढंच मोजलं नि लिहिलं.”

“म्हणजे पाऊस त्याहून जास्त होता?”

“किती जास्त, देव जाणे.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! गाळला असता आकडा, कोणाला कळलं नसतं. पण मला कळलं होतं ना!

“बाबा, मग आपलं घर रेषेच्या आत जातंय. परवानगी नाही मिळायची.”

टेकू लावलेल्या स्लॅबखाली आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“मग मला विचारलंस कशाला?” बाबा ओरडले.

काय सांगू? विचारलं नसतं, तर तो आकडा गाळून मी गुंबेलच घेतला असता.