उशाशी ठेवलेली बाटली

“वहिनी, तुम्ही केमिस्ट्रीवाल्या, म्हणून तुमच्या कानावर घालतो,” असं अमोल म्हणाला होता, तेव्हा सुरभीच्या कडेवर ऋत्विक होता आणि गॅसवर दूध उतू चाललं होतं. अमोल धाटावच्या कंपनीत लॅबला आणि तिचा नवरा प्रदीप तिथेच मशीनवर. प्रदीपला घरी बिअर करायचा नाद लागला, म्हणून अमोलने हायड्रोमीटर आणून दिलेला. पिंपातली थोडी बिअर उभ्या नळीत काढायची, त्यात ही काचेची कांडी तरंगत सोडायची. आंबताना साखर संपत जाते तशी बिअर हलकी होते आणि कांडी खोल बुडते. “बुडत चाललीय तोवर झाकण लावायचं नाय,” अमोल सांगत होता. “रोज तोच आकडा यायला लागला की मगच, नायतर आत गॅस कोंडून बाटली फुटते. प्रदीप माझं ऐकायचा नाय, तुम्ही लक्ष ठेवा.”

तुमची दारू तुम्ही बघा, मला हे एक लेकरू पुरे आहे, असं म्हणून सुरभी दुधाकडे वळली होती.

पण शिकलेला डोळा काही मिटून राहत नाही. पोछा मारता मारता तिची नजर कांडीवर जायचीच, आणि ती रोज आणखी बुडालेली, आकडा खाली उतरलेला दिसायचा. गटारीच्या आदल्या दिवशीही उतरला. तेव्हा मात्र ती बोलली. प्रदीप बाटल्या धुवत होता. तो हसला आणि म्हणाला, “गटारी काय त्या कांडीसाठी थांबणार हाय? उद्या नाय प्यालो तर गणपती जाईपर्यंत नुसतं बघत बसायचं.” फेस यावा म्हणून वर त्याने प्रत्येक बाटलीत साखर टाकली आणि पत्र्याची झाकणं आवळून बसवली.

गटारी झाली, मित्रांनी वाहवा केली, आणि श्रावण लागला. उरलेल्या बाटल्यांना आता कोण हात लावणार? त्या ओट्याखाली तांदळाच्या डब्यामागे गेल्या. सगळं कसं सोवळ्यात. बाटल्यांच्या पोटात आंबत होतं ते आंबतच होतं.

आज त्यातली एक फुटली. ऋत्विक रांगत डब्यापाशी पोचलेला. सुरभीने त्याला उचललं, शी केलीय का बघायला वळली, आणि पाठीमागे धाडकन आवाज झाला. मागे बघते तर डब्याच्या पत्र्यात काच रुतलेली. बरोबर ऋत्विकच्या तोंडाच्या उंचीला. पोर घाबरून एकदम रडलं. तिने लांबूनच ओट्याखाली गोधडी टाकली, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून बसली.

प्रदीपचा फोन जेवणाच्या सुट्टीत आला. उकाड्याने एखादी फुटते, त्यात काय, असं त्याचं म्हणणं. एरवी ती ‘अहो’ म्हणायची. आज तिने नाव घेतलं.

“प्रदीप, मामांना दिलेली बाटली कुठाय?”

हैबतराव, म्हणजे प्रदीपचे मामा, जिते गावात एकटेच राहतात. त्यांच्यासाठी प्रदीपने एक बाटली नेऊन दिली होती. श्रावण संपल्यावर उघडीन म्हणाले, आणि देवाच्या नजरेला पडायला नको म्हणून खाटेच्या उशाशी फळीवर ठेवली. त्याच खाटेवर ते रोज दुपारी जेवून आडवे होतात. हे प्रदीपनेच हसत हसत सांगितलेलं.

मामांचा फोन लागत नव्हता. त्यांच्या शेजाऱ्याला फोन करा, असं सुरभी म्हणाली, तर प्रदीपला अब्रू आठवली.

“काय सांगू त्याला? भाचा घरात दारू करतो? पोलिसांची भानगड होईल. पुऱ्या जित्यात बोभाटा होईल गो.”

“मामांच्या डोळ्यात काच गेली की बोभाटा नाय होणार?”

संध्याकाळी बघू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. संध्याकाळी! ऋत्विकला घेऊन ती स्वतःच निघाली असती, पण दुपारची गाडी निघून गेलेली. प्रदीपची अब्रू आणि मामांचे डोळे, असा सौदा तिच्या गप्प बसण्यावर चाललेला. झाकणं लागताना एकदा गप्प बसून झालं होतं.

जित्यातल्या मामांच्या आळीचा, गणपतीच्या आरत्यांसाठी केलेला एक व्हॉट्सॲप ग्रुप तिच्या फोनात होता. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं घालून तिने लिहिलं:

“मी प्रदीपची बायको सुरभी, रोह्याहून. आमच्या घरची बिअरची बाटली हैबतमामांच्या खाटेच्या उशाशी फळीवर आहे. ती फुटणार आहे. आमची आज फुटली. ह्यांना आणि मला काय बोलायचं ते नंतर बोला. जो कोणी हे वाचतोय त्याने आत्ता उठून मामांच्या घरी जा. बाटलीला हात लावू नका, हलवू नका. मामांना उठवा, बाहेर ओट्यावर आणून बसवा, आणि ते बरे आहेत एवढं मला कळवा.”