उलटी रांग

साहेबांचा हुकूम दोन शब्दांचा होता: जैसे थे. भुयारी स्टेशन नवं होणार, पण जुन्या भिंतीचा टवकाही उडता कामा नये. जिन्यापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत एकेचाळीस टाइल्स, प्रत्येकीवर एक माणूस. चाळीस जण जिन्याकडे निघालेले. शेवटचा पहारेकरी मात्र त्यांच्याकडे पाठ करून, बोगद्याला तळहात दाखवत उभा. चित्रकाराला लहर आली असेल, असं मला वाटलं.

आम्ही टाइल्सवर कापड चिकटवून अख्खी पट्टी काढतो, पालथी घालतो आणि आकडे टाकून मगच सुट्या करून धुतो. पालथं घातलं की डावं ते उजवं होतं, म्हणून पाठीवरचे आकडे उजवीकडून टाकायचे. सव्वीस वर्षं हेच केलं, आणि या खेपेला मेले डावीकडून टाकले. कळलं तोवर सिमेंट पक्कं झालं होतं. अख्खी रांग उलटी लागली होती. पहारेकरी जिन्याशी आला होता आणि त्याचा तळहात आता त्या चाळीस जणांना अडवत होता.

"बाई, हा तर आपल्याच माणसांच्या वाटेत उभा राहिला," मिस्त्रीकाका म्हणाले. "बोगद्याकडे आता कोण बघणार?"

"तुम्ही बघा," मी फटकारलं. "आणि साहेबांपुढे तोंड उघडू नका."

झाकली मूठ सव्वा लाखाची. चूक कबूल करायची म्हटलं की माझ्या अगदी जिवावर येतं.

स्टेशन उघडलं त्या सकाळी माझी लेक पहिल्या गाडीनं येणार होती, आईचं काम बघायला. मी आणि काका वर, जिन्याच्या तोंडाशी थांबलो. गाडी आल्याचं ऐकू आलं, गेल्याचंही. वर कोणीच आलं नाही. मग तिचा फोन आला.

"आई, जिन्याशी एक माणूस हात पुढे करून उभाय. कुणालाच सोडत नाही."

"ढकल की त्याला!"

"हाताला लागतच नाही गं तो. आणि मागे, बोगद्यातून..." ती रडायला लागली.

काकांच्या पिशवीतला हातोडा ओढला आणि पडत-झडत खाली गेले. जैसे थे गेलं खड्ड्यात! तीन घावांत भिंतीवरच्या पहारेकऱ्याचा चुरा केला.

लेक धावत येऊन गळ्यात पडली. तिला छातीशी धरून मी भिंतीला टेकले, लोकांना वाट दिली. पन्नास-साठ माणसं आमच्या शेजारून वर गेली आणि अजून येतच होती, बोगद्याकडून, रांगेनं, सावकाश.

"आई," ती माझ्या कानाशी म्हणाली, "गाडीतून आम्ही सहाच जण उतरलो होतो."