उलट्या तारा

पक्षाघातातून सासरे उठले खरे, पण चाळीस वर्षं अखंड बडबड केलेल्या त्या माणसाकडे एकच शब्द उरला: "नाही." चहा देऊ का? "नाही," आणि हात कपाकडे. ऊन लागतंय? "नाही," आणि खुर्ची सरकवायची खूण. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, शब्द तेवढे हरवलेत.

त्यांचा धातूवर मुलामा चढवायचा छोटा कारखाना होता. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. म्हणून सुनेने शाळेतली रसायनशास्त्राची नोकरी सोडली आणि कारखाना चालवायला घेतला. "पुस्तकातलं मला येतं, हातातलं तुम्ही शिकवा, बाबा," असं म्हणून ती रोज त्यांची खुर्ची टाक्यांसमोर ठेवायची.

एका सोमवारी एक संगीतशिक्षिका क्लॅरिनेटच्या, बोटांनी दाबायच्या सात चाव्या घेऊन आली. मुलामा झिजून खालचं पितळ उघडं पडलं होतं. "माझ्या गुरूंचं वाद्य आहे. रविवारी कार्यक्रम आहे. जिवापाड जपा."

बुधवारी सकाळी सुनेने चाव्या घासून-धुऊन तांब्याचा क्षार विरघळवलेल्या निळ्या पाण्याच्या टाकीत टांगल्या. एका दांडीला चाव्या, समोरच्या दांडीला तांब्याची जाड पट्टी. तिने बटण दाबलं.

"नाही," सासरे म्हणाले.

"हो हो, नाही," ती हसून म्हणाली आणि तासभर दुसऱ्या कामात गुंतली; मागून "नाही" येतच राहिलं.

"नाही! नाही!" डावा हात खुर्चीवर दणादण आपटू लागला. तहान लागली असेल म्हणून तिने पाणी दिलं, तर त्यांनी पेला भिरकावून दिला.

"बाबा, आता मात्र हद्द झाली!" तिचा आवाज चढला. पण त्यांचं बोट टाकीकडे रोखलेलं होतं आणि डोळे भरले होते. तिने वाकून पाहिलं. जी पट्टी झिजायला हवी, तिच्यावरच नवे गुलाबी कण चढत होते. तिने झटकन बटण बंद केलं. आदल्या दिवशी वायरमनने नव्या तारा टाकल्या होत्या. लाल तार जायची तिथे काळी गेली होती, आणि तिने तपासलं नव्हतं.

चाव्या बाहेर काढल्या. सगळ्यांना बारीक खड्डे पडले होते. सर्वांत नाजूक चावी पत्र्यासारखी पातळ झाली होती.

लपवायचं नाही, असं ठरवून तिने शिक्षिकेला बोलावलं. चावी हातात घेताच तिचा चेहरा उतरला.

"धातू गेला कुठे?"

"पाण्यात. तार उलटी लागली की चावीतला अणू आपले दोन इलेक्ट्रॉन तारेला देऊन बसतो. ऋण भार गेला, म्हणजे तो धनभारित होतो. त्यालाच आयन म्हणतात. मग तो चावी सोडतो आणि पाण्यात उतरतो. दिसत नाही, पण असतो."

"मग परत आणा ना त्याला!"

"तोच येईल असं नाही. पण तार सुलटी केली की पाण्यातल्या तांब्याच्या आयनांना चावीवर दोन-दोन इलेक्ट्रॉन मिळतात, आणि ते पुन्हा धातू होऊन तिथेच बसतात. झीज भरून काढता येईल. मला दोन दिवस द्या. चूक माझी आहे, ती पकडली बाबांनी."

शिक्षिकेने चावी उजेडात धरून पाहिली. मग खुर्चीतल्या सासऱ्यांकडे बघून म्हणाली, "हे लक्ष ठेवणार असतील तर देते."

सासऱ्यांनी छाती पुढे काढली.

तारा सुलट्या झाल्या. सुनेला घाई होती. तिने वीज वाढवली की "नाही," कमी केली की शांतता. घाईने चढलेलं तांबं भुसभुशीत होतं, हे तिने वाचलं होतं. त्यांना ते पाण्याकडे नुसतं बघून कळत होतं. दर तासाला ती चावी काढायची, ते डाव्या अंगठ्याचं नख फिरवायचे, खड्डा लागला की "नाही," आणि चावी परत टाकीत. शुक्रवारी दुपारी नख सरळ घसरलं. ते काहीच बोलले नाहीत. तिने कानशीने चाव्या सारख्या केल्या आणि वर निकेलचा मुलामा दिला.

शनिवारी शिक्षिकेने तिथेच चाव्या बसवल्या आणि क्लॅरिनेट ओठांना लावलं. सूर खालून वर निघाला आणि कुठेही न फाटता पोचला. दोनदा, तीनदा. वाद्य खाली ठेवून तिने डोळे पुसले.

"माझ्या वर्गातल्या मुलींना आणू इथे? विज्ञान म्हटलं की जांभया देतात. हे बघू देत त्यांना."

पुढच्या सोमवारी अकरा मुली आल्या. सून फळ्यावर इलेक्ट्रॉन काढत होती आणि सासरे डाव्या हाताने एकेकीच्या हातात आधी कोरी, मग झिजलेली पट्टी देऊन किती तांबं पाण्यात उतरलं ते जोखायला लावत होते.