कोबीच्या वाफ्यातली गाय

एफी मॅकीमनने पत्र फोडायला लोण्याची सुरी घेतली, तशी ऑल्डन गिलफिलनने नजर चहाच्या कपात घातली. तिचा सभासदत्वाचा अर्ज वंशजांच्या मंडळाने नाकारल्याचं ते पत्र टपालाने धाडता आलं असतं. ते स्वतः नेऊन देणंच सभ्यपणाचं, असं त्याने वाटेत स्वतःला दोनदा बजावलं होतं.

"अर्जदाराचे पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्यापूर्वी इथे आलेले असावेत," तिने मोठ्याने वाचलं. "म्हणजे मला सव्वादोनशे वर्षं उशीरच झाला की."

"नियम जुना आहे, मॅकीमनबाई. माझ्या हातात काही नाही."

हे धादांत खोटं होतं. मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले होते, "अहो, बाई अस्सल अल्स्टरची. त्या दातांच्या डॉक्टरला आपण आजोबांच्या नुसत्या नावावर घेतलं, मग हिलाच कसले नियम दाखवता?" तेव्हा टेबलावर बोट आपटून नियम वाचून दाखवला तो ऑल्डननेच.

त्याचं कारण मागच्या वसंतातल्या वार्षिक जेवणात होतं. स्कॉटलंडहून आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टरला आणि तिथून पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरांत आलेल्यांचे वंशज त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये जमत आणि जेवणाआधी उभं राहून 'पूर्वजांचं गीत' म्हणत. ते ऑल्डनला खापरपणजोबांच्या वहीत सापडलं होतं. जुन्या रीतीने तो एकेक ओळ गाऊन देई आणि ऐंशी माणसं ती त्याच्यामागून संथ लांबवून म्हणत. काळी गाय कोबीच्या वाफ्यात शिरली, म्हातारी काठी शोधत फिरली, अशा त्या ओळी. गाय म्हणजे देशोधडीला लागलेले पूर्वज आणि कोबीचा वाफा म्हणजे नवी भूमी, असा अर्थ ऑल्डनने पत्रकात छापला होता. अकरा वर्षं लोक ते म्हणताना डोळे टिपत आले होते.

एफी तेव्हा सूप वाढायला आली होती. गीत सुरू झालं आणि ती एप्रन तोंडावर दाबून स्वयंपाकघरात पळाली. नंतर भांडी विसळताना तिने त्याला बाजूला घेतलं.

"रागावू नका हं. माझे वडील आमच्याकडे, अँट्रिमला, चर्चमध्ये स्तोत्राची ओळ द्यायचे. सरावाला देवाचे शब्द घ्यायचे नाहीत, पाप लागतं. म्हणून चाल बसवायला काहीबाही जुळवायचं. कधी गाय, कधी शेजाऱ्याचं टक्कल. ही तुमची गाय आम्हीही हाकललीय लहानपणी. चाल मात्र खरी स्तोत्राची, बरं का."

घरी येऊन त्याने वही काढली. गीताच्या खालीच बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'सरावापुरतं'. तो शब्द त्याने पूर्वीही पाहिला होता आणि पान उलटलं होतं.

आठ दिवसांत एफीचा अर्ज आला. ही बाई मंडळात बसली की कधीतरी सहज बोलून जाणार आणि आपलं हसं होणार, एवढंच त्याला दिसलं.

"मला नुसतं गायचं होतं हो," एफी आता पत्राची घडी घालत म्हणाली. "मी जाते त्या चर्चमध्ये ऑर्गन आलाय, आता ओळ कुणी देत नाही. वडील गेल्यापासून कुणाच्या मागून ओळ म्हटलेली नाही." मग तिने पावाची बशी त्याच्याकडे सरकवली. "आणि गाईचं मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

"छे, मला तसं काही..."

"पाव घ्या. तुम्ही काहीच खाल्लं नाहीत."

त्याने पाव घेतला. या बाईला आपलं सगळं कळलं आहे आणि तरी ती आपल्याला पाव खाऊ घालते आहे, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या वर्षीच्या जेवणाला एफी नेहमीसारखी सूप घेऊन आली. ऑल्डनने ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. सगळे उभे राहिले. पुढच्या रांगेत एक्याण्णव वर्षांच्या हॅना टॉरन्स खुर्चीची पाठ धरून, डोळे मिटून उभ्या होत्या. सवयीने त्याच्या तोंडून पहिली ओळ गेली. हॉलने ती म्हटली. मग त्याने हातातला कागद खाली केला.

"मंडळी," तो म्हणाला.

लोक वाट पाहत राहिले. स्वयंपाकघराच्या दारात एफी पळी घेऊन उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, हॅनाबाईंच्या ओल्या गालांकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. मग तिने स्वतःच दुसरी ओळ दिली.

तिचा आवाज फार मोठा नव्हता. पण म्हातारी काठी शोधत फिरली हे तिने असं गायलं की हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ऐंशी माणसांनी ओळ उचलली. तिसऱ्या ओळीला सगळे दाराकडे वळले होते आणि ऑल्डनला त्यांच्या पाठी दिसत होत्या.

अध्यक्षांनी मागे सरकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मोठ्या मनाचे आहात, गिलफिलन. नियमही पाळलात आणि बाईंना मानही दिलात. हे तुम्हालाच सुचावं."

ऑल्डनने तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून चौथी ओळ आली आणि इतरांबरोबर त्यानेही ती तिच्यामागून म्हटली.