शंभरावी तक्रार

तक्रारताईनं स्वतः उभ्या आयुष्यात कधी तक्रार केली नव्हती. नाव पडलं ते कामावरून. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत, तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ती चौदा वर्षं बसत होती. शहरातल्या सगळ्या अडकलेल्या, कुरकुरणाऱ्या, मध्येच हट्टाला पेटलेल्या लिफ्टा शेवटी तिच्याच टेबलावर येऊन पडत.

कंपनीत तीन प्रोग्रॅम होते आणि तिघांचं आपसात पटत नव्हतं. पहिल्यात ग्राहकांच्या तक्रारी येत. दुसऱ्यात करार होते, म्हणजे कुणाच्या लिफ्टची देखभाल आपल्याकडे आहे आणि कुणाची नाही. तिसऱ्यातून मिस्त्र्यांच्या मोबाइलवर कामाचा हुकूम जाई. तीन वेगवेगळ्या मॅनेजरांनी तीन वेगवेगळ्या वर्षी, एकमेकांना न विचारता, हे तिन्ही विकत आणले होते. पहिला इमारतीचं नाव मागे, दुसऱ्याला आधी रस्ता लागे, आणि तिसरा आकड्याशिवाय कशालाच भीक घालत नसे. या तिघांच्या मध्ये तक्रारताई. इथलं वाचायचं, तिथलं शोधायचं, तिकडे टाइप करायचं. ‘पिवळी बिल्डिंग’, ‘डॉक्टरांची बिल्डिंग’ आणि ‘७१४’ ही एकच इमारत आहे, हे जगात फक्त तिला ठाऊक होतं.

घरीही वेगळं नव्हतं. नवरा आणि सासूबाई तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. टाकीचा नळ रात्रभर कुणी उघडा टाकला, हे भांडण अजून चालू होतं. नवरा म्हणायचा, “म्हातारीला सांग, टीव्ही बहिऱ्यांसाठी नसतो.” तक्रारताई आतल्या खोलीत जाऊन म्हणायची, “सासूबाई, यांचा जरा डोळा लागतोय.” तिकडून उत्तर यायचं, “दिवसा झोपणाऱ्याला म्हणावं, दुकान असंच बुडालं.” ते बाहेर पोचेपर्यंत “हो म्हणाल्या” एवढंच उरायचं. घरात शांतता होती ती अशी. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी होती, नवऱ्याचं दुकान बंद पडलेलं, आणि घरात पगार एकच, तक्रारताईचा.

तर अशा या कंपनीच्या मालकसाहेबांना एक दिवस साक्षात्कार झाला. ते कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते. परिषदेहून माणूस दोन गोष्टी घेऊन येतो, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आणि एक नवा शब्द. साहेबांनी शब्द आणला, मिडलवेअर.

“प्रत्येक प्रोग्रॅमला एक अडॅप्टर लावायचा,” साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं करून सांगितलं. “अडॅप्टर म्हणजे दुभाषा. तिन्ही दुभाषे मधल्या एका प्रोग्रॅमशी बोलणार. त्याचं नाव आपण ठेवलंय ‘दुवा’. तक्रार आली, दुव्यानं करार तपासला, मिस्त्र्याला हुकूम गेला. माणसाचा हात कुठेही लागणार नाही.”

“आणि लागला तर?” मागून मोठ्या मिस्त्रीनं विचारलं. तो कंपनीतला सगळ्यात जुना मिस्त्री, आणि तोंडाचा फटकळ.

“तर तो हात त्या दिवसापासून मोकळा,” साहेब म्हणाले. “मोबाइलवर हुकूम आल्याशिवाय ज्यानं पाना उचलला, त्यानं घरचा रस्ता धरायचा. मग तो कितीही जुना असो.”

पुढे तीन महिने एक सल्लागार तक्रारताईसमोर बसून होता. पोरगेलासा होता, पण टाय एवढा रुंद की त्याच्या मागून माणूस दिसायला वेळ लागे. ऑफिसनं त्याला टायवाला म्हणायला सुरुवात केली.

“ताई, तुम्ही नेमकं काय करता?” त्यानं पहिल्या दिवशी विचारलं.

“इकडचं तिकडे.”

त्यानं ते इंग्रजीत लिहून घेतलं, तेव्हा त्याच्या अडीच ओळी झाल्या. मग तो रोज विचारत गेला आणि ती रोज सांगत गेली. कुठलं नाव कुठल्या आकड्याला जुळतं, कुठला चौकीदार दुपारी फोन उचलत नाही, कुठल्या आजींची लिफ्ट कधीच बिघडलेली नसते, त्यांना फक्त कुणीतरी घरी यायला हवं असतं. शेवटच्या प्रकाराला टायवाला ‘अपवाद’ म्हणायचा आणि खोडून टाकायचा. आपणच आपल्या हातानं आपला खड्डा खणतोय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण विचारलं तर खोटं सांगता येत नाही, ही तिची खोड जुनी होती. तिला राग यायचा तो स्वतःचाच, आणि तो ती डबा धुताना भांड्यावर काढायची.

चाचणीचा सोमवार ठरला. शंभर तक्रारी ओळीनं, माणसाचा हात न लागता, दुव्यातून पार झाल्या की त्याच संध्याकाळी तक्रारताईची खोली बंद. निरोपाचं पत्र टाइप करून साहेबांच्या खिशात तयार होतं. खाली हॉलमध्ये भागीदार येऊन बसणार होते, त्यांच्यासमोर घोषणा होणार होती. सकाळी टायवाल्यानं तिचा कीबोर्ड काढून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. “तुम्ही फक्त बघा,” तो म्हणाला. एवढं प्रेमानं म्हणाला की तिला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

ती बघत बसली. दहा झाल्या, चाळीस झाल्या. एखादी तरी अडकू दे, असं ती मनातल्या मनात म्हणत होती, आणि लगेच तिला स्वतःची लाजही वाटत होती, कारण प्रत्येक तक्रारीमागे कुणीतरी अडकलेलं होतं. पावणेचारला नव्याण्णव झाल्या. दुव्यानं एकही चूक केली नव्हती. तक्रारताईनं पर्स उघडली, ड्रॉवरमधली खोकल्याची गोळी, कंगवा आणि मुलीचा फोटो आत टाकला.

सहाव्या मजल्यावरच्या साहेबांच्या ऑफिसातून साहेब आणि टायवाला घोषणेसाठी निघाले. साहेबांचे गुडघे कामातून गेलेले, जिना त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. दोघं लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट कंपनीची स्वतःचीच, तीस वर्षांची. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ती एकदा खोकली आणि थांबली. दारं चार बोटं उघडली आणि तशीच राहिली.

तक्रारताई बाहेर आली तेव्हा त्या फटीतून, बरोब्बर तिच्या नाकासमोर, साहेबांचे चकचकीत बूट दिसत होते.

“कोण आहे खाली?” बूट म्हणाले.

“मी, साहेब. मोठा मिस्त्रीपण आहे.”

मोठा मिस्त्री खरंच होता. त्याच्या हातात पेटी होती आणि चेहऱ्यावर अपार शांती.

“पाच मिनिटांचं काम आहे,” तो म्हणाला.

“हात लावू नका!” आतून साहेब गरजले. “मी धोक्याचं बटण दाबलंय. तक्रार गेली. ही शंभरावी! दुवाच मला बाहेर काढेल. यापेक्षा मोठी घोषणा कुठली?”

मिस्त्रीनं पेटी खाली ठेवली, तिच्यावर बसला आणि मोबाइल समोर धरला. हुकूम आला नाही. तक्रारताई खोलीत जाऊन कॉम्प्युटरचा पडदा बघून आली.

“साहेब, लाल अक्षरं आलीत. ‘हा ग्राहक अस्तित्वात नाही.’”

“कोण अस्तित्वात नाही?”

“आपण.”

वरून टायवाल्याचा बारीक आवाज आला. त्याला कळलं होतं. दुवा आधी करार तपासतो आणि कराराशिवाय हुकूम सोडत नाही. आणि शहरभराच्या लिफ्टांचे करार करणाऱ्या या कंपनीनं स्वतःच्या लिफ्टचा करार तीस वर्षांत केलाच नव्हता. गरजच पडली नव्हती. बिघडली की कुणीतरी पॅसेजमध्ये हाक मारायचं आणि कुणीतरी यायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि साहेब त्या अंधारात उभे होते.

“तो परत प्रयत्न करेल,” टायवाला म्हणाला. “दर पाच मिनिटांनी.”

दुव्यानं दर पाच मिनिटांनी प्रयत्न केला. दर पाच मिनिटांनी साहेब अस्तित्वात नव्हते. खालून भागीदारांचे निरोप येत होते. चाळीस मिनिटं झाली. बूट एका जागी ठरेनात, एकदा डावा वर, एकदा उजवा वर. साहेब दुपारी तीन कप कॉफी प्यायले होते, हे कॉफी आणून देणाऱ्यांना माहीत होतं.

“त्या मिस्त्र्याला सांगा, असा बसून काय राहिलाय ठोंब्यासारखा!” साहेब ओरडले.

“मिस्त्री, साहेब तुमची चौकशी करतायत,” तक्रारताई म्हणाली.

“त्यांना म्हणावं, मला दोन पोरं आहेत. पाना उचलला तर घरी बसावं लागेल मला. त्यांनीच हॉलमध्ये सांगितलंय.”

“साहेब, ते तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत म्हणतात.”

शेवटी वाट टायवाल्यानंच काढली. करार करणं हा काही चाचणीचा भाग नाही, तो म्हणाला. कंपनीनं आत्ता कंपनीशी करार केला, करार विभागानं तो स्कॅनिंग मशीनमधून आत घेतला, की दुवा आपण होऊन हुकूम सोडेल. दुव्याला कुणाचा हात लागणार नाही. शंभरपैकी शंभर.

“मग बघता काय?” बूट जमिनीवर आपटले. “फॉर्म आणा!”

तक्रारताईनं नेहमीचा छापील फॉर्म आणला, सात पानी, आणि लिहीत गेली. ग्राहकाचं नाव, कंपनी. सेवा देणाऱ्याचं नाव, तीच कंपनी. मग ती थांबली.

“साहेब, ग्राहकाचा प्रतिनिधी कोण लिहू? याच पत्त्यावर नोकरीला असलेला माणूस लागतो.”

“कुणाचंही नाव घाला! तुमचं घाला!”

“माझं घालते. पण कलम अकरा प्रतिनिधीबद्दलच आहे. वाचून दाखवू का?”

“बाई, इथे माझा जीव चाललाय आणि तुम्हाला वाचन सुचतंय? द्या इकडे!”

तिनं कागद फटीतून वर सरकवला. साहेबांनी टायवाल्याच्या पाठीवर तो ठेवून ग्राहक म्हणून सही केली, मग मालक म्हणून सही केली, आणि कागद परत खाली आला. करार विभागात तो मशीनमध्ये गेला. तिसऱ्या मिनिटाला मोठ्या मिस्त्रीचा मोबाइल वाजला. त्यानं हुकूम आधी नीट वाचला, मग पुन्हा एकदा वाचला, मगच पाना उचलला. पाच मिनिटांत साहेब बाहेर आले आणि कुणाकडेही न बघता, गुडघ्यांची पर्वा न करता, पॅसेजच्या टोकाकडे धावले.

खाली टाळ्या वाजल्या त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आल्या. शंभरपैकी शंभर. यंत्रणा इतकी पक्की आहे की मालकालाही तिच्यात हात घालता येत नाही, असं साहेबांनी भागीदारांना सांगितल्याचं मागाहून कळलं. भागीदार भारावून गेले.

सहा वाजता साहेब तिच्या खोलीत आले. चेहरा धुतलेला, केस विंचरलेले. मागे टायवाला. साहेबांनी खिशातलं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

“ताई, चौदा वर्षं उत्तम सेवा दिलीत. कंपनी विसरणार नाही. आता उद्यापासून…”

तक्रारताईला अपमान तर वाटलाच, पण त्याहून वाईट हे वाटलं, की पाऊण तास ज्यांच्या बुटांशी ती बोलत होती त्यांना पत्र तासभर पुढे ढकलावं असंही वाटलं नाही. तिनं पत्र उघडलं नाही. कराराची प्रत काढली आणि त्या पत्रावर ठेवली.

“साहेब, कलम अकरा,” ती म्हणाली. “ग्राहकानं आपला प्रतिनिधी पाच वर्षं त्याच पत्त्यावर, त्याच कामावर ठेवावा. त्याला कमी केल्यास करार रद्द, आणि पुढची पाच वर्षं त्या इमारतीशी नवा करार नाही. तुम्हीच घातलंय हे कलम. ग्राहक माणसं बदलतात आणि नवा माणूस म्हणतो मला काही ठाऊक नाही, म्हणून.”

साहेबांनी टायवाल्याकडे पाहिलं. “हे काढून टाका.”

“नाही काढता येणार,” टायवाला टायशी चाळा करत म्हणाला. “करार रद्द झाला की दुवा या इमारतीची तक्रार घेणारच नाही. आणि हात घालून घ्यायला लावली तर… आत्ताच आपण भागीदारांना सांगितलंय…”

लिफ्ट तीस वर्षांची होती. साहेबांचं ऑफिस सहाव्या मजल्यावर होतं. साहेबांनी एकदा जिन्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

“तुम्ही मला फसवलंत,” ते म्हणाले.

“नाही साहेब. मी वाचून दाखवू का म्हणून विचारलं होतं.” ती पुढे बोलत गेली. “चौदा वर्षं तुमच्या सहीला जाणारा प्रत्येक कागद आधी मी वाचत होते. चुकीचा असला तर दुरुस्त करून मगच वर पाठवत होते. यांनी तीन महिने मला सगळं विचारलं, पण तुम्ही काय वाचता हे तुम्हाला कुणी विचारलंच नाही. आज पहिल्यांदा तुम्ही माझ्याशिवाय सही केलीत.”

टायवाल्यानं खिसे चाचपले, कपाटाची किल्ली शोधली, आणि कीबोर्ड काढून तिच्यासमोर ठेवला.