सरलाकाकूंची पोटदुखी

श्यूमेई चीनमधल्या चांगदे शहरात सोळा वर्षं डॉक्टर होती. सकाळच्या पाळीला ऐंशी पेशंट. नाव विचारायला वेळ कुणाला? नंबर पुकारला की पेशंट पुढ्यात, तिचा एक हात त्याच्या पोटावर आणि डोळे पुढच्याच्या कागदावर. निदान मात्र चुकत नसे.

नवऱ्यामागोमाग ती अमेरिकेत वेस्ट विंडसरला आली आणि प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुऊ लागली. पुन्हा डॉक्टर व्हायचं तर परीक्षा होत्या. लेखी परीक्षा तिने हां हां म्हणता काढल्या. एका परीक्षेत मात्र पेशंट म्हणून बसवलेले नट तपासायचे होते. तिथे ती आपटली. आता दुसरी खेप गुरुवारी होती. २००६ साल सरत आलं होतं. या खेपेला जमलं नाही तर डॉक्टरकीचं नाव काढायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

शेजारची देवयानी म्हणाली, "माझ्या सासूबाईंवर प्रॅक्टिस कर. नाटक करायला त्यांना फार आवडतं."

सरलाकाकू सोफ्यावर आडव्या होऊन कण्हू लागल्या. श्यूमेई आली आणि तिने थेट पोट दाबलं. काकू ताडकन उठून बसल्या.

"हात बर्फासारखे आहेत गं हिचे. आणि नाव तरी विचार म्हणावं. म्हशीलासुद्धा आधी पाठीवर थोपटतात, मग धार काढायला बसतात."

देवयानीने ते म्हशीसकट इंग्रजीत सांगितलं. श्यूमेई हसली नाही. नापासाच्या पत्रात हेच लिहिलं होतं, पण इतकं सरळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने आधी दार वाजवलं. हात चोळून गरम केले, खुर्ची ओढली, आपलं नाव सांगितलं, त्यांचं विचारलं. मग काकूंकडे बघत थांबली. काकू पोटदुखी विसरल्या. गेलेल्या नवऱ्याबद्दल, इथल्या मुक्या दुपारींबद्दल मराठीतच बोलत सुटल्या. देवयानीला भाषांतराचं भान राहिलं नाही. श्यूमेईला एक शब्द कळला नाही. तिने काकूंचं मनगट धरून ठेवलं. कागद मांडीवर कोराच राहिला.

गुरुवार गेला. निकालाचं पाकीट दोन महिन्यांनी आलं. ते घेऊन ती आधी शेजारी गेली.

"आई, पास झाली ती," देवयानी पत्र वाचत म्हणाली. "आता हॉस्पिटलमध्ये जागा शोधायची."

श्यूमेईने हात चोळले, खुर्ची ओढली आणि शिकून ठेवलेलं वाक्य सावकाश म्हटलं, "काकू, कुठे दुखतंय?"

"आज कुठेच नाही," म्हणत काकूंनी डोळे पुसले. श्यूमेईचा चेहरा पडलेला बघून त्यांनी पाय लांब केला. "बरं, थांब. गुडघा आहे की."