ड्रमची पट्टी

परभणीच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं वाफवायचं काम अठरा वर्षं सरजाबाईकडं होतं. डॉक्टर बदलले, सिस्टर बदलल्या, सरजाबाई तिथंच. तिच्या कामात खोट काढायची कुणाची छाती नव्हती.

वाफवायच्या ड्रमला बाजूनं छिद्रं असतात. यंत्रात ठेवताना वाफ आत जाऊन जंतू मरावेत म्हणून पट्टी सरकवून ती उघडायची, बाहेर काढल्यावर बंद करायची. जुन्या ड्रमची पट्टी उजवीकडं नेली की छिद्रं उघडायची. उन्हाळ्यात नवा ड्रम आला, त्याचं सगळं उलटं. हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण नुसत्या डोक्याला ठाऊक असून काय उपयोग? काम हात करतात.

त्या दिवशी सेलूच्या गंगम्माच्या मोडलेल्या खुब्यात पोलादी गोळा बसवायचा होता. दवाखान्यात असलं ऑपरेशन पहिलंच, खास औरंगाबादहून सर्जन आलेले. गोळा, हातोडी, सगळी हत्यारं त्या नव्या ड्रमात. धांदलीत सरजाबाईनं पट्टी उजवीकडं सारली आणि ती गंगम्माला टेबलावर घ्यायला धावली. ड्रम बाहेर काढला कुसुमबाई सिस्टरनं. छिद्रं बंद दिसली. वाफ संपल्यावर सरजाबाईनंच येऊन बंद केली असणार, असं म्हणून तिनं निर्धास्त झाकण उघडलं. भरवसा असा घात करतो!

ऑपरेशन झकास झालं, सर्जन परतले. रिकामा ड्रम धुवायला घेतला तेव्हा सरजाबाईचं पट्टीकडं लक्ष गेलं. ती उजवीकडंच होती, छिद्रं बंद.

"सिस्टर, ही पट्टी तुमी लावली का?"

"नाही. तुम्हीच लावली ना?"

म्हणजे वाफ आत गेलीच नव्हती.

तिनं लपवलं नाही. तडक दवाखान्याच्या डॉक्टर दिनकररावांना जाऊन सांगितलं.

"आता परत उघडलं तर म्हातारी टेबलावरच जाईल," ते म्हणाले. "इंजेक्शनं देत राहू. जंतू आत गेले असतील तर चार-पाच दिवसांत कळेल."

आणि सरजाबाई वाट बघत राहिली. दुसरं करणार काय? येता-जाता गंगम्माच्या कपाळाला हात लावायची. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी जखम सुजली. पाचव्या दिवशी सरजाबाईनं गंगम्माच्या तोंडातला थर्मामीटर काढून उजेडात धरला. एकशे तीन.

"उतरला का गं ताप?" गंगम्मानं विचारलं. "सिस्टर सांगायली, तुझ्यासारखं चोख काम कुणाचंच न्हाई. मला लय धीर हाय बघ तुझा."

"उतरायलाय, आजी," सरजाबाई म्हणाली, आणि तिनं थर्मामीटर झटकून पारा खाली उतरवला.